पोरगं हॉस्टेलला ठेवताय? मग आपल्या बोर्डिंगांचा इतिहास एकदा वाचाच

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात यंदा दहावी-बारावी झालेलं लेकरू आहे त्यांनी वेळ काढून वाचावी. बाकीच्यांनी अशा घरापर्यंत पोचवावी.

सध्या बारामतीच्या एसटी स्टँडवर सकाळी उभं राहिलं की हंगाम कुठला चाललाय ते विचारावं लागत नाही. पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, बादली, आणि त्या सामानामागे घामाघूम झालेला बाप. इंदापूरकडून, भिगवणकडून, फलटण-माळशिरसकडून, पार करमाळ्यापासून पोरं येतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी नर्सिंगला, कुणी पोलीस भरतीच्या ॲकॅडमीत. उसाचं बिल आलेलं असतं, ते फीमध्ये गेलेलं असतं. बाप हॉस्टेलच्या ऑफिसात चार प्रश्न विचारतो. फी किती हप्त्यांत? मेसमध्ये भाकरी मिळते का? गरम पाणी आहे का? गेट किती वाजता बंद होतं? झालं. आई डोळे पुसते, दोघं संध्याकाळच्या गाडीने परत.

पाचवा प्रश्न मी आजवर फार थोड्या पालकांच्या तोंडून ऐकलाय. रात्री दहानंतर इथं मोठं माणूस कोण असतं?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे सांगण्यासाठी थोडं लांबून यावं लागेल. मध्यंतरी इंदापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शिक्षकांचा फोन आला. मुलगी शिकायला अमेरिकेला निघालेली. तिने घरी सांगितलं की तिथं कॉलेजात मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरॉरिटी असतात, विचार करून बघते. सर घाबरले. म्हणाले, "अहो, हे काय नवीन? पंथबिंथ आहे का काय?"

पंथ नाही. फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुमंडळ, सोरॉरिटी म्हणजे भगिनीमंडळ. अमेरिकेचं स्वातंत्र्य जाहीर झालं त्याच वर्षी, म्हणजे १७७६ च्या डिसेंबरात, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा नावाची मंडळी जमवली. ग्रीक अक्षरांचं नाव, हात मिळवायची गुप्त खूण, शपथ आणि वादविवाद. पुढे १८२५ पासून अशी मंडळं वाढत गेली. त्यांची स्वतःची घरं झाली, मुलं तिथंच एकत्र राहू लागली. १८७० च्या सुमारास मुलींनी आपली मंडळं काढली. गोऱ्यांच्या मंडळांत कृष्णवर्णीय मुलांना जागा नव्हती, म्हणून १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा हे स्वतःचं मंडळ उभं केलं. हे १९०६ साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या मंडळांचं चांगलंही आहे. परक्या गावात माणसं मिळतात, पुढे नोकरीला ओळख लागते. वाईट आहे ते आत घेताना होणाऱ्या 'परीक्षे'चं. नव्या पोराला दारू पाजणं, जागवणं, मारणं, लाज काढणं. २०१७ साली पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या अशाच एका मंडळाच्या घरात १९ वर्षांचा मुलगा दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला. सोबतच्यांनी कित्येक तास मदत बोलावली नाही. मुलगा गेला. अशा प्रकारांसाठी अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरात देशपातळीवरचा कायदा झाला, त्यात कॉलेजांनी असे प्रकार जाहीर करणं बंधनकारक आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, "आपल्याकडे बरंय बाबा, असलं काही नाही."

या वाक्यावर माझं आणि सरांचं अर्धा तास बोलणं झालं. कारण आपल्याकडे आहे. त्याला ग्रीक नाव नाही, दारावर पाटी नाही, एवढंच. आणि आपल्याकडचा इतिहास त्यांच्यापेक्षा जास्त शिकवण्यासारखा आहे.

कोल्हापूर, १९०१

आपल्या भागात घर सोडून एकत्र राहून शिकायची पद्धत रुजली ती बोर्डिंगांमुळे. राजर्षी शाहू महाराजांनी आधी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिलं. त्याचा फायदा बहुजन मुलांपर्यंत पोचेना. खेड्यातलं पोरगं तिथं टिकेना. मग महाराजांनी वेगळी वाट धरली. १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ ला मोहमेडन बोर्डिंग. पुढे लिंगायतांचं. १९०८ ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बघता बघता कोल्हापूर वसतिगृहांचं गाव झालं.

आता ते १९०६ आठवा. तिकडे कॉर्नेलात आणि इकडे कोल्हापुरात जवळपास एकाच काळात एकच गोष्ट घडत होती. ज्यांना दारात उभं करत नव्हते, त्यांनी आपलं दार बांधलं, किंवा त्यांच्यासाठी कुणी बांधून दिलं. म्हणून पोरांनी आपल्या माणसांचा गट करणं यात मुळात काही पाप नाही. त्या गटानेच आपल्या आजा-पणजाला शाळेत टिकवलं.

पण त्याच कोल्हापुरात गटाची दुसरी बाजूही दिसली. कुंभोजचा एक उंचापुरा, तालमीत रमणारा मुलगा जैन बोर्डिंगात राहत होता. १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं की तू तिकडे जाऊन आलास, आंघोळ करूनच आत ये. पोरगं म्हणालं, करणार नाही. बोर्डिंगातून काढलं. पुढे काही काळ तो शाहू महाराजांच्या राजवाड्यावर राहिला. त्या पोराचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. आपले कर्मवीर अण्णा.

म्हणजे गट जवळ करतो, आणि गटाचा नियम मोडला की तोच गट बाहेरही काढतो. फरक इतकाच की या पोराला आपण बरोबर आहोत याची खात्री होती आणि बाहेर पडल्यावर आसरा द्यायला एक मोठं माणूस होतं. प्रत्येक पोराच्या नशिबी तसं नसतं.

सातारा, १९२४

कर्मवीरांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचं, आणि १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते तो नामकरणाचा समारंभ झाला. कोल्हापुरातली बोर्डिंगं जातवार होती, ती त्या वेळची गरज होती. साताऱ्याच्या बोर्डिंगात मात्र मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका पंगतीला बसली. स्वतः आंघोळीवरून बाहेर काढलेल्या माणसाने काढलेलं बोर्डिंग होतं ते. दुसरं कसं असणार?

तिथली पोरं काही शांत बसणारी नव्हती. पंधरा-सोळाची वयं, खेड्यातली रग, एकत्र राहणं. भांडणं, चिडवणं, थोरल्याने धाकट्याला राबवणं, याला भरपूर वाव होता. तरी ती बोर्डिंगं माणसं घडवण्यासाठी ओळखली गेली. का?

माझ्या मते दोन कारणं. पहिलं, काम. पोरं स्वतः दळत, स्वैपाकाला हात लावत, शेतात-बागेत राबत. नवीन आलेल्याला आपलंसं करायची जी 'परीक्षा' असते, ती इथं रोजच्या कामात होती. तू आमच्यातला कधी? तर आमच्याबरोबर पाणी भरलंस की. त्यासाठी रात्री दोन वाजता कुणाला उघडं करून नाचवावं लागत नव्हतं. 'कमवा आणि शिका' याचा आपण फक्त पैशाचा अर्थ घेतो. गट बांधायची ती एक पद्धत होती, हा अर्थ राहून जातो.

दुसरं कारण, लक्ष्मीबाई. अण्णा संस्थेच्या कामाला गावोगाव फिरायचे. घरात पोरांजवळ असायच्या त्या वहिनी. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही त्यांनी पोरांच्या जेवणासाठी दिलं, ही गोष्ट रयतेच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून ऐकतो आणि हात जोडतो. जरा वेगळ्या कानाने ऐका. धान्य संपलंय हे त्या बाईंना माहीत होतं. कोण जेवलं, कोण उपाशी झोपलं, कोणाला ताप आहे, कोण रडतंय, हे कळेल इतक्या जवळ एक मोठं माणूस रात्रंदिवस राहत होतं.

सोलापूरचंही एक उदाहरण सांगतो, कारण इंदापूरकरांना ते जवळचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि सभेने हाती घेतलेल्या सुरुवातीच्या कामांतलं एक म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात सुरू केलेलं वसतिगृह. शाळा काढण्याआधी राहायची जागा! कारण शाळेत नाव घालणं सोपं असतं, पोरगं तिथं टिकणं अवघड असतं, हे बाबासाहेबांना अनुभवाने माहीत होतं.

शपथेचे गट

आपल्याकडे गुप्त खुणा आणि शपथा नव्हत्या असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाशिकचा 'मित्रमेळा' आणि त्यातूनच १९०४ ला झालेली 'अभिनव भारत' ही तरुण पोरांची शपथ घेतलेली मंडळंच होती. विनायक दामोदर सावरकर तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात राहत. १९०५ ला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं गेलं. त्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्या. माझा मुद्दा साधा आहे. अठरा-वीस वर्षांच्या पोरांना शपथ, गुपित, 'आपला गट' यांची ओढ असतेच. ती ओढ कुठल्या कामाला जुंपली जाते, त्यावर पुढचं ठरतं.

आणि ही ओढ उघड्यावर यायला पूर्वी एक जागा होती, कॉलेजची निवडणूक. आपल्या जिल्ह्याच्या, राज्याच्या राजकारणातली किती माणसं तिथून आली ते सांगायला नको. शरद पवार पुण्यात बीएमसीसीत शिकताना विद्यार्थ्यांच्या राजकारणातूनच पुढे आले. पण निवडणुकांबरोबर पैसा आला, बाहेरची माणसं आली, मारामाऱ्या आल्या. १९८९ ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. शेवटी १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, २०१९ ला वेळापत्रकही लागलं, मग विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकललं.

निवडणूक बंद झाली म्हणून गट बंद झाले का? नाही. ते वर्गातून निघाले आणि कट्ट्यावर, रूमवर, फ्लेक्सवर गेले. निवडणुकीतल्या गटाचा निदान प्रमुख माहीत असायचा, तो प्राचार्यांसमोर यायचा. आताच्या गटाचा प्रमुख म्हणजे कुणाचा तरी 'दादा', कुणाचा तरी 'भाई'. वाढदिवसाला तलवारीने केक, डीजे, रील. नव्या पोराला वाटतं, यांच्यात गेलो की आपल्याला कुणी हात लावणार नाही.

आपली बारामती

आता घरी येऊ. १९६२ ला बारामतीत तुळजाराम चतुरचंद कॉलेज सुरू झालं, तेव्हा आसपासच्या चार तालुक्यांतल्या पोरांची पुण्याची वारी वाचली. १९७२ ला विद्या प्रतिष्ठान आलं. १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि राज्यभर खासगी कॉलेजं उभी राहिली. माळेगाव, शारदानगर, इंदापूर, भिगवण रस्ता, सगळीकडे शिक्षण पसरलं. २०१९ पासून बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. हे सगळं अभिमानाचंच आहे. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलींना विचारा, बारामतीत कॉलेज नसतं तर त्यांचं काय झालं असतं.

पण कॉलेजं वाढली त्या वेगाने बोर्डिंगं वाढली नाहीत. वाढल्या त्या खोल्या. एमआयडीसीच्या बाजूला, नव्या वस्त्यांमध्ये तीन मजली घर बांधायचं, खाली मालक, वर कॉट बेसिसवर पोरं. एका खोलीत चार, कधी सहा. मालकाला भाडं वेळेवर मिळाल्याशी मतलब. मेस बाहेरची, डबा येतो. त्या खोलीत सहा पोरं आहेत, लक्ष्मीबाई कुणी नाही. मग तिथं कारभार कुणाचा? जो सगळ्यात जुना त्याचा. सिनिअरचा.

वीस वर्षांच्या बातमीदारीत अशा तक्रारी कानावर आल्यात, त्यातल्या फार थोड्या कागदावर उतरल्या. एकदा एक बाप मुलाला घेऊन माझ्याकडे आला होता. कॉलेजचं नाव सांगत नाही. मुलाच्या पाठीवर वळ होते. बातमी करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी बापाचाच फोन, "राहू द्या साहेब, पोराचं वर्ष वाया जाईल, आणि ती पोरं आपल्याच पाव्हण्यातली निघाली." मी त्यांना दोष देत नाही. पण ते पोरगं पुन्हा त्याच खोलीत गेलं, आणि पुढच्या वर्षी तेच सिनिअर झालं, हेही मला माहीत आहे.

हे असंच चालतं. पहिल्या आठवड्यात सिनिअर गोड बोलतो, नोट्स देतो, मेस दाखवतो. दुसऱ्या आठवड्यात कपडे धुवायला देतो, रात्री सिगारेट आणायला पाठवतो. तिसऱ्या आठवड्यात 'इंट्रो'. मान खाली घालून नाव-गाव सांगायचं, शर्टाचं तिसरं बटण बघत. मग वाढदिवसाच्या नावाखाली लाथा. पोरगं घरी सांगत नाही, कारण 'मजा असते' असं सगळे म्हणतात, आणि बापाने कर्ज काढलंय हे त्याला माहीत असतं. ज्या पोराची भाषा गावाकडची, चप्पल साधी, आडनाव 'खालचं', त्याच्या वाट्याला जास्त येतं. मुंबईच्या नायर रुग्णालयात २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी गेल्या. जळगावकडची, आदिवासी समाजातून आलेली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे, खटला कोर्टात आहे. ते हॉस्टेल मुंबईचं, पण तिथं जाणारी पोरं आपल्याच गावांतून जातात.

आणि सप्टेंबर २०२४ च्या शेवटी खुद्द बारामतीत कॉलेजच्या आवारात एका विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला. जुन्या वादातून. ते रॅगिंग नव्हतं. पण पोरांपोरांतला वाद कुठवर जाऊ शकतो, हे त्या दिवशी सगळ्या गावाने पाहिलं. त्यानंतर पोलिसांचं शक्ती अभियान आलं, तक्रारपेट्या बसल्या. चांगलंच झालं. पण पेटी रात्री खोलीत नसते.

मुलींच्या पालकांना वाटतं, हे पोरांचं झालं, मुलींच्या हॉस्टेलला कुलूप असतं. पंडिता रमाबाईंचं १८८९ चं शारदा सदन आठवा, अण्णासाहेब कर्व्यांचं हिंगणं आठवा. मुलींच्या वसतिगृहांची सुरुवात बाहेरच्या जगापासून आसरा म्हणून झाली. आज आपण त्यातली फक्त भिंत आणि कुलूप ठेवलं. कुलूप बाहेरच्याला अडवतं. आत चार जणींनी पाचवीशी बोलणं बंद केलं, तिचे फोटो ग्रुपवर टाकून हसल्या, तिला रात्री जागवून जर्नल लिहून घेतले, तर कुलूप काय करणार? मुलींमधला त्रास पाठीवर वळ ठेवत नाही. म्हणून तो उशिरा कळतो.

कायदा काय म्हणतो

आपल्या राज्याने यावर देशाच्या बऱ्यापैकी आधी कायदा केलाय. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरला तर कॉलेजातून बडतर्फ, पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. केली नाही तर त्याने रॅगिंगला मदत केली असं धरलं जातं. आणि महत्त्वाचं म्हणजे हा कायदा फक्त कॉलेजला नाही, हॉस्टेल, बोर्डिंग आणि शिकवणीच्या संस्थांनाही लागू आहे. म्हणजे 'आमची तर ॲकॅडमी आहे' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

देशपातळीवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ ला आदेश दिले, पुढे सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमली. तरी २००९ च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या एका मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा मुलगा सिनिअरांच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी यूजीसीने नियम आणले. देशभरासाठी हेल्पलाइन सुरू झाली, १८००-१८०-५५२२. चोवीस तास, फुकट. नाव न सांगता तक्रार करता येते. २०१६ ला त्यात भर पडली. जात, धर्म, रंग, बोली, गाव, गरिबी यांवरून त्रास देणं, आणि मुद्दाम वाळीत टाकणं, हेही रॅगिंगच. 'गावंढळ' म्हणून रोज हसणं हे आता नियमात बसतं, हे पोरांना सांगा.

ॲडमिशनच्या वेळी तुम्ही एक हमीपत्र सही करता ना, मुलाचं वेगळं आणि पालकाचं वेगळं? तेच हे. बहुतेकांनी ते न वाचता सही केलेलं असतं. त्यात तुम्ही लिहून देता की माझा मुलगा हे करणार नाही. आपलं पोरगं सोसणारंच असेल असं प्रत्येक बापाला वाटतं. सोसायला लावणारंही कुणाच्या तरी घरचंच असतं.

मग पालकांनी काय करायचं

यादी मोठी करत नाही. एवढंच करा.

१. रात्री मुक्कामाला वॉर्डन असतो का, तो कोण, त्याचा नंबर काय, विचारा. नुसता वॉचमन म्हणजे वॉर्डन नव्हे. शक्य असेल तर एकदा रात्री नऊनंतर जाऊन या.

२. पहिल्या वर्षाची पोरं वेगळ्या मजल्यावर ठेवतात का? यूजीसीचे नियम तसंच सांगतात. खासगी खोली असेल तर मालकाने पोलिसांकडे नोंद केलीय का विचारा. तेही नियमात आहे.

३. रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे ते नोटीस बोर्डावर लावलेलं असतं. आपल्या मोबाईलवर फोटो काढून घ्या. बोर्ड नसेल तर तेही कळलंच.

४. पोराला 'अभ्यास कसा चाललाय' विचारू नका, त्याला उत्तर 'चांगला' हेच असतं. 'काल रात्री कुणाबरोबर जेवलास?' असं विचारा. दोन-तीन आठवडे एकही नाव आलं नाही, किंवा एकाच 'दादा'चं नाव रोज आलं, तर गाडी पकडा.

५. जाताना त्याला एक वाक्य सांगा. वर्ष गेलं तरी चालेल, पण असं काही झालं तर पहिला फोन मला करायचा. हे वाक्य बापाने बोललेलं लागतं. आईने सांगितलेलं असतंच.

आणि संस्थाचालकांना, त्यातले बरेच जण ही पोस्ट वाचतील, हात जोडून एक विनंती. आपल्या स्टेजवर शाहू महाराज आणि कर्मवीरांचा फोटो असतो, भाषणात त्यांचं नाव असतं. ती माणसं इमारतींमुळे मोठी झाली नाहीत. त्यांनी पोरांसोबत राहणारं माणूस दिलं. एका हॉस्टेलला एक चांगला, पगारी, मुक्कामी वॉर्डन ठेवायला जो खर्च येतो, तो एका स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा फार जास्त नसावा. नव्या पोरांना पहिल्या महिन्यात एकत्र काम द्या. झाडं लावा, मेसचा हिशोब त्यांच्याकडे द्या, गणपतीचा, जयंतीचा कारभार द्या. गट तर होणारच. तो तुमच्या डोळ्यासमोर होऊ द्या.

अमेरिकेला निघालेल्या त्या मुलीचं काय, असं विचाराल. सरांना मी तेच सांगितलं जे वर लिहिलंय. तिला अडवू नका. भगिनीमंडळात जावंसं वाटलं तर जाऊ दे, पण आत घेताना काय काय करायला लावतात ते आधी विचार म्हणावं. सांगत नसतील, 'गुपित आहे' म्हणत असतील, तर उंबरा ओलांडू नको. हाच नियम माळेगावच्या खोलीला, हाच पुण्याच्या हॉस्टेलला.

तुमच्या पोराच्या हॉस्टेलचा अनुभव बरा असो वा वाईट, मला कळवा. नाव छापणार नाही. चांगला वॉर्डन कुठं असेल तर तेही सांगा, त्या माणसावर मला आनंदाने लिहायचंय.